कुंकवाखालचा हिरवा दिवा

आमच्या भेस्तानच्या साडी छपाईच्या कारखान्यात दसऱ्याला सगळ्या मशिनींना कुंकू लागतं. सर्व्हर माझ्या ताब्यात, त्यामुळे त्याची पूजाही माझ्याकडे. यंदा मला भक्तीचा जरा जास्तच उमाळा आला. कुंकू पाण्यात कालवलं आणि दोन्ही हार्ड डिस्कच्या तोंडावर ठसठशीत बोटं ओढली. ओघळ खाली आला, तो मी प्रसाद समजून तसाच ठेवला.

दोन डिस्क का, हे आमच्या डिझाइनवाल्या आप्पांना मी मोठ्या ऐटीत समजावलं होतं. "दोघींवर सारखंच लिहिलेलं असतं, आप्पा. एक गेली तरी दुसरी आहेच."

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. राहायला माझ्याच वस्तीत, नवागामात. म्हणाले, "म्हंजे बैलजोडी."

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी स्क्रीनवर सूचना आली, की एक डिस्क निकामी झाली आहे. मी खूशच झालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हुशारीला काम मिळत होतं! नवी डिस्क कपाटातच होती, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. नियम असा, की स्क्रीनवरचा नंबर डिस्कच्या लेबलावर बघायचा आणि मगच हात लावायचा. पण लेबलं बघायला गुडघ्यावर बसावं लागतं आणि माझं पोट मध्ये येतं. त्यात समोर दिवा होताच की. एका डिस्कचा दिवा विझलेला, दुसरीचा तांबूस. लाल म्हणजे बिघाड, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मी तांबूस दिव्याची डिस्क खसकन ओढली.

कारखान्यातले सगळे स्क्रीन जागच्या जागी गोठले.

हातातल्या डिस्कवर अंगठा फिरवला, तर अंगठा लाल झाला. दिवा मुळात हिरवाच होता. वर माझं कुंकू होतं. मेलेली डिस्क आत आणि जिवंत माझ्या हातात.

तेवढ्यात आप्पा धावत आले. "काय व्हयनं रे भाऊ? मन्ही पोरनी साडी कोठे गयी?"

आता खरा घाम फुटला. आप्पांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. तिच्या साडीचा पदर आप्पांनी दुपारच्या सुट्ट्या मोडून काढला होता. तिच्या मामाच्या बागेतली केळी, लोंबते घड, पानाआडचे पोपट. ते डिझाइन फक्त त्या सर्व्हरवर होतं, आणि छपाईचा नंबर दुसऱ्या दिवशीचा.

मी झालेला प्रकार सांगितला. आप्पांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "चांगला बैल सोडी दिना अन् बसेल बैलले हाकी राहिना तू!"

मी जिवंत डिस्क परत बसवली, मेलेली काढून नवी घातली आणि मशीन सुरू केलं. तर ते रुसलेलं. विचारायला लागलं, कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर उतरवू?

"उलटं सांगं ते?" आप्पांनी विचारलं.

"मग कोरी डिस्क भरलेलीवर उतरेल. पदर पांढरा."

"मंग बस खाले."

बसलो. पोट मध्ये आलं, तरी बसलो. लेबलावरचा नंबर मी एकेक आकडा मोठ्याने वाचला, आप्पांनी तो स्क्रीनवर बोट ठेवून पडताळला. पुन्हा वाचायला लावला. मग उलटीकडून वाचायला लावला. तेव्हा कुठे मला बटण दाबायची परवानगी मिळाली.

टक्के गोगलगायीसारखे सरकू लागले. आप्पांनी स्टूल ओढलं आणि चुलीवर दूध ठेवल्यासारखे ते स्क्रीनकडे बघत बसले. मी चहा आणला, तर म्हणाले, "तू दूर ठेव. आठे काही सांडू नको." जेवणाचे डबेसुद्धा तिथेच उघडले.

दुपार कलल्यावर दोन्ही दिवे हिरवे झाले. फाइल मीच उघडणार होतो, पण आप्पांनी माझा हात बाजूला केला. आधी हिरवी पानं आली, मग घड, मग पोपट. आप्पा एक पोपट मोठा करून बघत म्हणाले, "याची चोच थोडी वाकडी शे. नीट करतो."

साडी छापली गेली. लग्नात नवरी स्टेजवर बसली, तेव्हा तिच्या मांडीवर केळीचा घड लोंबत होता. मी अक्षता टाकायला गेलो, तशी आप्पांनी कुंकवाची कोयरी उचलली आणि माझ्या कपाळावर ओघळ येईल असं भलंमोठं बोट ओढलं.

"आते तुना लाल दिवा लागना," ते व्याह्यांकडे वळून म्हणाले. "याले कोठे हात लावू देऊ नका."