दुसरी पाटी

आमच्या गावाचा आणि नळगंगेपलीकडच्या गावाचा आट्यापाट्यांचा सामना दरवर्षी होळीनंतरच्या पंचमीला व्हायचा. तोवर नदी एका धारेवर आलेली असायची आणि काठाशी काळ्या ओलसर गाळाची पट्टी उघडी पडायची. पाट्या तिथेच आखत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, शाळा संपवून घरच्या शेतीत लागलो होतो, आणि त्या वर्षी मला पहिल्यांदा सूरपाटी मिळाली होती.

हा खेळ आता फारसा कोणी खेळत नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे आठ पाट्या आडव्या आखत आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी. ही उभी म्हणजे सूरपाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी. त्याने पाटी सोडायची नाही. पाटीवरच इकडून तिकडे सरकत पळणाऱ्याला अडवायचं, तो ओलांडायला लागला की हात लावून मारायचं. सूरवाला मात्र मधल्या पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू शकतो. पळणारा पाट्यांमधल्या एखाद्या चौकात सापडला, समोर पाटीवाला आणि बाजूला सूरवाला उभा राहिला, की त्याची कोंडी. सगळ्या पाट्या पार करून गेलेला गडी तशाच पार करत परत आला की लोण झालं, आणि डाव त्यांचा.

त्या दिवशी त्यांचे बाकी सगळे गडी आम्ही मारले होते. एकच उरला होता, आणि तो आठही पाट्या पार करून आता परत येत होता. सडपातळ, पंचविशीचा माणूस. सातवी, सहावी, पाचवी करत तो आला तेव्हा काठावरचे लोक बसलेले उठले. चौथी गेली. तिसरीही गेली. त्याच्यापुढे दोन पाट्या राहिल्या.

दुसऱ्या पाटीवर आमच्या गावचा एक माळी होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, नदीकाठच्या वाफ्यांत वांगी-मेथी करायचा, फार बोलायचा नाही. मी त्याला दादा म्हणायचो. त्याची धाकटी बहीण पलीकडच्या गावात दिलेली होती, आणि समोरून येणारा तो सडपातळ गडी तिचा नवरा होता.

आमचा एक ठरलेला कायदा होता. पळणारा चौकात असला की पाटीचं बाहेरचं टोक पाटीवाल्याचं आणि सुराकडचं टोक सूरवाल्याचं. एकट्या माणसाला दोन्ही टोकं पुरत नाहीत. वस्तादांनी हे आमच्याकडून महिनाभर घोटून घेतलं होतं. गडी नदीकडच्या चौकात शिरला, दादा बाहेरच्या टोकाकडे सरकला, आणि मी सुरावर त्याच्या बाजूला आलो. कोंडी झाली होती. मला फक्त उभं राहायचं होतं.

त्याने खांदा माझ्याकडे टाकला. मला वाटलं, हा सूर ओलांडून गावाकडच्या चौकात निसटतोय. तो मला हवा होता. शेवटचा गडी माझ्या हाताने मरावा असं मनात आलं आणि मी दुसरी पाटी मागे टाकून तिसरीच्या दिशेने पुढे झेप घेतली. तो गेलाच नाही. पाय जागीच ठेवून नुसती हूल दिली होती. मी पुढे गेल्यावर जी जागा रिकामी झाली, तिथूनच तो दुसरी पाटी ओलांडून गेला. दादा बाहेरच्या टोकावरून वळला, पण त्याचा हात वीतभर मागे राहिला. पहिल्या पाटीवरचा गडी दादाकडेच पाहत होता. तो भानावर येईपर्यंत लोण झालं होतं.

काठावरून लोकांना दिसलं ते एवढंच, की माळ्याची पाटी होती, माळी एका टोकाला गेला आणि दुसऱ्या टोकाने त्याचा मेव्हणा निघून गेला.

कोणीतरी म्हणालं, "सोयऱ्याले वाट दिली." हळूच म्हणालं, पण गर्दीत ते वाक्य पुढे सरकताना मी पाहिलं. गावात पोचेपर्यंत ते सगळ्यांचं झालं होतं.

दिवेलागणीला चावडीवर मंडळी जमली. पोलीसपाटील होते, वस्ताद होते, माझे वडीलही होते. दादाला समोर उभं केलं. कोणी रागावून बोललं नाही, त्यामुळे ते जास्तच जड वाटत होतं. पाटलांनी विचारलं, सुराकडचं टोक मोकळं कसं सोडलं? दादा म्हणाला, "माह्यं टोक बाहेरचं होतं." एवढंच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी माझ्या वडिलांकडे पाहिलं. दुपारी ते लोकांना सांगत होते की पोरगा सुरावर वाऱ्यासारखा पळतो. मी मान खाली घातली. बोलायला चार शब्द पुरले असते. मग दुसरं कोणी बोलू लागलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

एका म्हाताऱ्याने सुचवलं की सकाळी महादेवाच्या देवळात त्याने बेलभंडार उचलावा, म्हणजे प्रश्नच मिटला. दादाने नकार दिला. खेळासाठी देवाची शपथ घेणार नाही म्हणाला. तो निघून गेल्यावर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ज्यांना शंका होती त्यांची खात्री झाली.

तेवढ्यात वस्ताद उठले. साठीचे होते, एका गुडघ्यातून लंगडायचे. ते म्हणाले की शपथ वगैरे नंतर पाहू, जमीन ओली आहे, तिला आधी विचारू. उद्या उजाडेपर्यंत पाट्यांवर माणूस, ढोर काही फिरकू देऊ नका. गावच्या जागल्याला त्यांनी तिकडे बसायला पाठवलं.

घरी वडील जेवताना म्हणाले, माळी असा निघेल असं वाटलं नव्हतं. मी भाकरी मोडत राहिलो.

सकाळी दहा-बाराजण नदीवर गेलो, वडीलही होते. दादाही आला होता, पण बाजूला उभा होता. त्याच्या घरून पहाटेच पलीकडच्या गावाला निरोप गेल्याचं वाटेत कळलं. बहिणीचे दिवस भरत आले होते, तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं; आईने कळवलं की इकडे गावात बोलणं चालू आहे, आत्ता पाठवू नका.

जागल्या पाट्यांच्या कडेला काठी घेऊन उभा होता. चोरांच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाणं हे त्याचं पिढीजात काम. त्याच्या वस्तीतल्या कोणाला आम्ही या खेळात कधी घेतलं नव्हतं. वस्तादांनी त्याला मैदानात बोलावलं, तेव्हा एक-दोघांनी तोंड वाकडं केलं.

वस्तादांनी आठव्या पाटीपासून सुरुवात केली. जागल्या पावलं दाखवायचा, ज्याची पाटी होती त्याला वस्ताद त्याच पावलांत उभं करायचे. सातव्या पाटीवाल्याचे पाय एकमेकांवर चढले होते. उजव्या पावलाचा ठसा डाव्याच्या पलीकडे पडलेला. असा माणूस वळूच शकत नाही, वस्ताद म्हणाले. पाचव्याच्या टाचा खोल रुतल्या होत्या, म्हणजे तो मागे कलला होता, हल्ल्याच्या आधीच घाबरला होता. चौथ्याने तर पाय हलवलेच नव्हते. वस्तादांनी त्याला विचारलं, तू काय पाहत होतास? तो म्हणाला, तोंड. वस्तादांनी त्याला सांगितलं की तोंड खोटं बोलतं, खांदाही खोटं बोलतो, माणसाची कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. खांदा हा शब्द ऐकला आणि मी दोन पावलं मागे सरलो.

एकेका पाटीवर दहा-दहा मिनिटं जात होती. ऊन चढत होतं. तिसरी पाटी झाली. मी पुढचा गाळ पाहत होतो. माझं पाऊल कुठे असेल ते मला ठाऊक होतं, आणि इतक्या ठशांत ते हरवलं असेल अशी आशाही होती.

दुसऱ्या पाटीपाशी आल्यावर वस्तादांनी जागल्याला थांबवलं. ते माझ्याकडे वळले. "अठून पुढं तू सांग. तू कुठी होता?"

आता वाटतं, ती त्यांनी दिलेली संधी होती. त्यांना उभ्या उभ्याच दिसलं असणार. मी दुसरी पाटी आणि सूर जिथे छेदतात तिथे बोट केलं.

"अठी होतो," मी म्हणालो.

"ठेव मंग पाय. तुह्या पावलात."

मी पुढे झालो. तिथे उभं राहिलेल्याचं पाऊल नव्हतं. आधी धावताना उमटलेले पुसट ठसे होते तेवढेच. एकच खोल ठसा त्यांवरून तिरपा गेलेला, तो त्या सडपातळ माणसाचा. जागल्याने काठी पुढे सरकवली आणि पाटीपासून दोन हात पुढे सुरावर टेकवली. तिथे एक पाऊल होतं. बोटं खोल रुतलेली, टाच नाहीच. झेप घेणाऱ्याचं पाऊल. सुरावर आमच्याकडून धावणारा मी एकटाच होतो.

पाय उचललेला तसाच राहिला माझा, तो कुठे टेकवावा कळेना. मी वडिलांकडे पाहिलं नाही.

"पाय माहा हाये," मी म्हणालो. "मी जागा सोडली. दादा त्याच्या टोकावर बराबर होता."

वस्तादांनी मान हलवली. जागल्या मागे सरला आणि काठी खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर जाऊन उभा राहिला. कोणी त्याला काही म्हणालं नाही. खरं तर शाबासकी त्याला मिळायला हवी होती. रात्री बेलभंडाराचं बोललेला म्हातारा पागोटं सारखं करत नदीकडे पाहू लागला.

दादा माझ्याजवळ आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काल काऊन नाई बोलला?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. तो थोडा वेळ थांबला आणि वाफ्यांकडे निघून गेला.

वडील घरी जाताना माझ्या पुढे चालत होते. दाराशी थांबून म्हणाले की जेवायच्या आधी पलीकडे जा आणि त्या घरी सांगून ये. मी तसाच उलटा फिरलो. गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली. त्या गावात आदल्या दिवसाचा आनंद अजून चालू होता. पारावरच्या लोकांनी मला ओळखलं आणि हसले.

त्यांच्या ओसरीवर तो सडपातळ माणूस बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: चावडीवर काय बोललं गेलं, ते खोटं कसं होतं, चूक कोणाची होती. आत दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे ती ऐकत होती. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला की तू जागा सोडलीस म्हणूनच मी गेलो, माझा मेव्हणा समोर असताना दुसरी वाट नव्हती. मग आतून ती दाराशी आली. चेहरा ओढलेला होता. रात्रभर झोपली नसावी.

"माह्या भावानं शपथ घेतली का?" तिने विचारलं.

नाही, मी म्हणालो. घ्यायला लागली नाही.

तिने डोळे पुसले आणि सासूला सांगितलं की गाडी जुंपायला सांगा. दोन दिवसांनी ती माहेरी आली. मुलगी झाली. आमच्या घरून माझ्या आईने डिंकाचे लाडू नेले, दादाच्या आईने ते घेतले, आईला बसायला पाट दिला.

पुढच्या वर्षी दादा खेळला नाही. वाफ्यांना पाणी द्यायचंय म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी आला, आणि त्याच दुसऱ्या पाटीवर उभा राहिला. वस्तादांनी सूर पुन्हा मला दिला होता. मी ती जागा दोन वर्षं मनात धरून होतो. त्या दिवशी मी एकदाही आधी झेप घेतली नाही. पळणारा कितीही खांदा टाको, कंबर हलेपर्यंत मी दगडासारखा उभा.

तरी एक गडी दुसऱ्या पाटीवरून निसटला. डाव आम्ही जिंकला होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण वस्तादांनी आता रीतच घातली होती: हरलो वा जिंकलो, दुसऱ्या दिवशी सकाळी पाट्यांवर जायचं आणि ज्याने त्याने आपली चूक आपणच आधी सांगायची. जागल्याही काठी घेऊन असायचा.

दुसऱ्या पाटीपाशी आल्यावर दादा आपल्या पावलांत उभा राहिला. एक पाऊल सुराकडे वळलेलं होतं.

"मी मागं पाह्यलं," तो म्हणाला. "त्याच्यात उशीर झाला."

वस्तादांनी विचारलं, मागे काय पाहायचं होतं?

दादाने सुराकडे पाहिलं. त्याला काय पाहायचं होतं ते मला माहीत होतं. सुराकडच्या टोकावर मी आहे की नाही, हे पाहायचं होतं.

"हे चूक माही," मी म्हणालो.

वस्तादांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि पहिल्या पाटीकडे निघाले.