कॅप्टनसाहेबांची शिस्त

उजव्या हाताचा पंजा चौकातल्या पोलिसासारखा उभा करायचा, डाव्या हातातला मोबाइल छातीशी धरायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "थांबा. वरून आलंय."

आणि खरंच सगळे थांबायचे. टोकन घेऊन बसलेले, लघवीची बाटली रुमालात गुंडाळून उभे असलेले, बीपीच्या पट्ट्यात दंड अडकलेले. नाशिकमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसते. तिथून अख्खा हॉल दिसतो, त्यामुळे हा देखावा मी पुष्कळदा पाहिला आहे. वरून म्हणजे दिल्लीहून, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात वरून म्हणजे मोबाइलवरच्या कुठल्यातरी ग्रुपवरून. तिथे खरं, खोटं, जुनं, नवं सगळं एकाच पिशवीतून येत असे.

त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. निवृत्तीच्या वेळी मिळालेला मानाचा हुद्दा तो. हुद्द्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझे वडील नाईक म्हणून घरी आले, तिथवर पोचायला किती वर्षं घासावं लागतं ते मी घरात पाहिलं आहे. पण मे महिन्यात ब्लेझर घालून दवाखान्यात येणारा, आणि रांगेतल्या माणसाने उठून खुर्ची दिल्याशिवाय तब्येत सांगायला सुरुवात न करणारा माणूस मला कधी सोसला नाही. त्यांच्याबद्दल मी "ते आले, ते म्हणाले" असंच लिहिणार आहे. तो आदर समजू नका. आदरार्थी बहुवचन मराठीत फुकट मिळतं, म्हणून देते.

असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. पाणी कधी येणार हे कॉलनीत फक्त त्यालाच ठाऊक असतं, आणि चार बायका त्याच्या दारात गेल्याशिवाय तो ते सांगत नाही.

फौजेतून आलेल्या माणसाचं म्हातारपण नियमांवर चालतं आणि नियम सारखे बदलतात. उपचाराचं कार्ड बदलतं. हयातीचा दाखला आधी बँकेत जाऊन द्यायचा, आता मोबाइलसमोर चेहरा धरून. एखादं हॉस्पिटल यादीत येतं, दुसरं जातं. हे कुणीतरी सांगावं लागतं. कॅप्टनसाहेब सांगायचे, महिन्यातल्या एका रविवारी समाजमंदिरात, माईक लावून. बागलाण, सुरगाणा, मालेगावहून लोक यायचे. साहेब अर्धं सांगायचे आणि म्हणायचे, "बाकीचं घरी या, समजावतो." त्यांच्या बंगल्याच्या पायरीवर मग चपलांचा ढीग असायचा. त्या ढिगाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी फक्त दुभत्या म्हशीकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

एका पावसाळ्यात त्यांनी ग्रुपवर टाकलं, की जुनी कार्डं उद्यापासून बंद, सगळ्यांनी ताबडतोब दवाखान्यात हजर व्हावं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सुरगाण्याकडचा एक म्हातारा जवान भाताची लावणी अर्धी टाकून जीपला लटकत आला होता. पायाला पिंढरीपर्यंत चिखल. खिडकीशी येऊन त्याने कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, "बाबा, असं काही नाहीये. तुमचं कार्ड चालू आहे."

"साहेबांनी सांगलं त आलो, बाई," तो म्हणाला. "आता लावणी कोन करल?"

मी कॅप्टनसाहेबांना हाक मारली आणि अफवा का पसरवता, असं सरळ विचारलं. ते शांतपणे मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "अफवा नाही, मॅडम. तयारी. फौजेत ह्याला ड्रिल म्हणतात."

म्हातारा "जय हिंद साहेब" म्हणून परत गेला. त्याला राग आला नाही. मला आला तो अजून उतरलेला नाही.

दुसरी गोष्ट थोडी हसण्यासारखी आहे. एका निवृत्त शिपायाला कानाचं यंत्र मंजूर झालं होतं. मंजूर केलं ते आमच्या डॉक्टरबाईंनी, पण ते समारंभाने द्यायचं असं कॅप्टनसाहेबांनी ठरवलं. हार आला, फोटोवाला आला. यंत्र कानात बसवलं आणि कित्येक वर्षांनी त्या माणसाला माणसाचा आवाज ऐकू आला, तो नेमका साहेबांच्या भाषणाचा. पहिल्या पाच मिनिटांत त्याचे डोळे भरून आले. पुढे साहेब आपल्या पहिल्या पोस्टिंगपर्यंत मागे गेले, तेव्हा त्याने हळूच हात कानाशी नेला, यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि सुखाने बसून राहिला.

एकदाच मी त्यांच्या घरी गेले. दवाखान्यात त्यांची एक गोळी संपली होती, ती आली तेव्हा त्यांचं घर माझ्या वाटेवर म्हणून देऊन टाकली. दार सुनेने उघडलं. साहेब जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसून काहीतरी वाचत होते. आतून मुलगा म्हणाला, "बाबा, जरा आत बसता का? माझी मीटिंग आहे." साहेब हातातलं वाचन मिटून उठले. बनियन, पायजमा, खांद्याला वाक आलेला. सुनेने माझ्याकडे बघून कसनुसं हसत म्हटलं, "त्यांना सारखं काहीतरी सांगायचं असतं हो." त्या घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. जिथे विचारत होते तिथे ते ब्लेझर घालून का जात, हे मला त्या दिवशी समजलं. समजलं, माफ केलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

बागलाणातले एक हवालदार आमच्याकडे नेमाने यायचे. साधारण सत्तरीचे, हडकुळे, कमी बोलणारे. बरोबर बायको. तिला मी मावशी म्हणायचे, त्यांना काका. औषधं घेतली की ती पिशवीतून शेतातल्या चार शेंगा खिडकीवर ठेवायची आणि काका ओशाळून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे ना, मॅडम घेत नहीत." मी घ्यायचे.

रविवारच्या एका मीटिंगमध्ये कॅप्टनसाहेबांनी माईकवरून बजावलं, "आमच्या दवाखान्याच्या चिठ्ठीशिवाय कुठल्याही हॉस्पिटलात पाय ठेवायचा नाही. ठेवाल तर खर्च तुमच्या बोकांडी. अडचण आली तर आधी मला फोन. मी बोलतो." नियम अर्धा खरा होता. एरवी मोठ्या हॉस्पिटलात जायला आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण जिवावर बेतलं असेल तर लागत नाही. आधी जवळचं हॉस्पिटल गाठायचं, कळवायचं मागून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी संध्याकाळी, काकांच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. मीटिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे मावशीने आधी साहेबांना फोन केला. साहेब कुणाच्यातरी सत्काराला गेले होते. त्यांनी फोन घेतला, हे विशेष. म्हणाले, "पित्त असेल. सोडा द्या. सोमवारी घेऊन या, मी स्वतः डॉक्टरांशी बोलतो."

पुतण्या म्हणत होता, सटाण्याच्या हॉस्पिटलात नेऊ. काका म्हणाले, नको, साहेबांनी सोमवार सांगितलाय. ज्या माणसाने उभं आयुष्य हुकूम मोडला नाही, तो म्हातारपणी छातीत कळ आली म्हणून कसा मोडणार?

सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा त्यांची जीप दारात होती. मागच्या बाकावर काका आडवे, ओठ निळसर. आमच्या डॉक्टरबाई स्वतः पळत बाहेर गेल्या. नाडी धरली आणि ओरडल्या, "शनिवारपासून थांबलात कशाला?"

मावशी म्हणाली, "सायबनी सांगेल व्हतं, चिठ्ठीबिगर जावानं नही."

डॉक्टरबाईंनी तिथूनच फोन लावला. रुग्णवाहिका आली, काकांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ते वाचले, पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला होता. वेळेवर आणलं असतं तर, एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात कॅप्टनसाहेब गोळ्या न्यायला आले. मी खिडकी सोडून बाहेर आले. एरवी कधी येत नाही.

"साहेब, एवढा तातडीचा पेशंट. त्याला चिठ्ठी लागत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला वाटलं, ते म्हणतील माहीत नव्हतं. अज्ञान असतं तर मी गिळलं असतं. पण त्यांचा अभिमान दुखावला.

"माहीत नव्हतं? मला?" ते म्हणाले. "अहो, गेल्या दिवाळीत माझ्या छातीत भरून आलं तेव्हा मी सरळ हॉस्पिटलात गेलो. कुणाची चिठ्ठी घेतली नाही. नियम मला शिकवू नका."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

पंजा उभा राहिला. "मॅडम, सगळ्यांना सगळं सांगितलं की शिस्त राहत नाही."

हॉलमध्ये तेव्हा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. त्यांतले बहुतेक ह्याच माणसाला बघून उठून उभे राहणारे. एक जण खोकला. साहेब गोळ्या घेऊन, पावलं मोजल्यासारखी टाकत निघून गेले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

त्या दिवसापासून मी खिडकीतून गोळ्यांबरोबर एक वाक्य द्यायला लागले. "छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, तर चिठ्ठी नाही, फोन नाही. थेट जवळचं हॉस्पिटल." बायकांना दोनदा सांगायचे, कारण गाडी त्याच बोलावतात. म्हातारे म्हणायचे, "पण साहेब तर..." मी म्हणायचे, "साहेब स्वतः थेट गेले होते. विचारा त्यांना."

साहेबांनी माझी तक्रार केली. सैनिक नसलेली बाई सैनिकांना परस्पर सूचना देते, असा मजकूर होता. डॉक्टरबाईंनी तो माझ्यासमोर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आवाज थोडा मोठा ठेवत जा. मागच्या बाकांपर्यंत जात नाही."

समाजमंदिरातली माणसं कमी होत गेली. भांडण नाही, घोषणा नाही. लोक यायचेच बंद झाले. बंगल्याच्या पायरीवर घरच्यांच्या तेवढ्या चपला राहिल्या. साहेबांची औषधं पुढे त्यांची सून नेऊ लागली.

हवालदारकाका त्यानंतर वर्षभर जगले. शेताच्या बांधापर्यंत चालायचे आणि दम लागून तिथेच बसायचे, असं मावशी सांगायची. एक दिवस त्या बांधावरच गेले.

दहाव्याला डॉक्टरबाई आणि मी त्यांच्या गाडीने गेलो. अंगणात कापड ताणलं होतं. आसपासचे बरेच निवृत्त जवान आले होते. आणि कॅप्टनसाहेब होते. एसटी आणि जीप बदलत आले होते. ब्लेझर, छातीवर सगळी पदकं, हातात मोठं पुष्पचक्र. कुणी विनंती केली नव्हती, तरी ते बोलायला उभे राहिले. काका किती शिस्तीचे होते ते सांगितलं. आणि मग म्हणाले, "त्यांच्या आजारपणात मी स्वतः धावपळ केली. मीच त्यांना नाशिकला हलवलं, म्हणून आपल्याला त्यांचा आणखी एक वर्षाचा सहवास मिळाला."

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

मावशी आतून बाहेर आली. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. ती साहेबांसमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"सायेब, तुम्ही आते जा."

साहेबांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं ते पटलं नसावं. ते हसले. "हो हो, वहिनी, फक्त दोन शब्द..."

"जा," मावशी म्हणाली.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ज्यांच्या चपला त्यांच्या पायरीवर असायच्या, ते सगळे तिथे होते. एकाने मान खाली घातली. एक जण मांडीवरच्या टोपीची शिवण बघत राहिला. त्यांच्या बाजूने एक शब्द बोलेल असा एकही माणूस त्या अंगणात नव्हता. त्यांनी चक्र खाली ठेवलं, ब्लेझरची कड ओढली आणि ते शेतातल्या पायवाटेने रस्त्याकडे चालू लागले. ढेकळांतून त्यांना नीट चालता येत नव्हतं. प्रत्येक पावलाला पदकं एकमेकांवर आपटत होती. बराच वेळ तेवढाच आवाज ऐकू येत होता.

रस्त्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. साहेब पुढच्या सीटवर जाऊन बसले. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंगणातलं कुणीही उठत नव्हतं. ऊन तापलं होतं. आम्ही सगळे त्यांना पाहत होतो आणि आपण पाहिले जातोय हे त्यांनाही कळत असणार. मला दया आली नाही. यावी असं क्षणभर वाटलं, पण आली नाही.

शेवटी मावशीनेच आपल्या सुनेच्या हाती पाण्याचा तांब्या पाठवला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान वर करून सगळा प्यायले आणि रिकामा तांब्या परत दिला. सून माघारी आली. ते समोर रस्त्याकडे बघत बसून राहिले. ड्रायव्हर सावलीत बिडी ओढत होता आणि जीप अजून रिकामी होती.