आहे त्या स्थितीत

स्वतःच्याच घरात शिरताना ते दार दोनदा वाजवायचे. आत कोणी नाही हे त्यांना ठाऊक असायचं, कुलूपही त्यांनीच काढलेलं असायचं, तरी दोन टकटक झाल्याशिवाय पाऊल आत पडत नसे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही, ही सवय बोटांत राहून गेली होती. गल्लीतली पोरं हसायची. त्यांना त्याचं काही नसे.

अकोल्यातल्या आमच्या गल्लीत, माझ्या बरोबर समोरचं घर त्यांनी घेतलं होतं. सगळी नोकरी अकोट, अंजनगाव, परतवाडा या रस्त्यांवर गेली. अर्धं आयुष्य मुक्कामाच्या गाडीत आणि उरलेलं भाड्याच्या दोन खोल्यांत. निवृत्त झाल्यावर बायकोने एकच गोष्ट मागितली होती. म्हणाली, दार आपलं पाहिजे.

त्या घराचे आधीचे मालक माझे वीस वर्षांचे शेजारी. मागच्या खोलीच्या भिंतीला दर उन्हाळ्यात भेग पडते, हे मी वीस वर्षं पाहत आलो होतो. आपल्याकडची काळी जमीन तुम्हीही पाहिली आहे. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. पाऊस झाला की भेग मिटायची. मालकांनी दसऱ्याच्या तोंडावर ती बुजवली, वरून रंग मारला आणि घर विकायला काढलं. भाव कमी, पण अट पक्की: एक खिळाही ठोकून मिळणार नाही, घर आहे त्या स्थितीत घ्यायचं. जाता जाता मला म्हणाले, कोणी विचारलं तर चांगलंच सांगा.

आणि विचारलंच. दोघं घर पाहायला आले होते. बाई मागच्या अंगणात कडुनिंबाखाली उभ्या राहून वर बघत होत्या. ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"सर, तुमी समोरच राह्यता. घर कसं हाय?"

मी म्हणालो, "जुनं आहे, पण मजबूत आहे." आणि चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो.

पुढचे काही महिने ते भेटेल त्याला कौतुकाने सांगत, "आहे तसंच घेतलं." नळ गळायचे, फरशी दबलेली, आणि वायरिंग तर अशी की पुढच्या खोलीतलं बटण दाबलं की न्हाणीघरात दिवा लागायचा. त्यांनी वायरमन बोलावला नाही. बटणाखाली रंगाने पाटी लिहिली, 'न्हाणीघर, मार्गे सैपाकघर'. बाई ती पाटी पाहुण्यांना दाखवून हसायच्या. रोज सकाळी त्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून भाजी निवडत बसत. संक्रांतीनंतर एका दुपारी तिथेच त्यांच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाईंनी त्या घराचा उन्हाळा पाहिला नाही.

एप्रिलमध्ये भेग उघडली. ते मला बोलवायला आले. रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला होता आणि छतापासून खिडकीपर्यंत दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. तिच्यातून अंगणातलं ऊन दिसत होतं. मी पहिल्यांदाच पाहतोय असा चेहरा केला.

ओळखीचा एक इंजिनियर येऊन पाहून गेला. पाया काळ्या मातीतच थांबलाय, खाली मुरमापर्यंत गेलेलाच नाही, म्हणाला. बुजवून उपयोग नाही. मागचा भाग पाडून नव्याने बांधावा लागेल, आणि तेवढ्यात पुढचा टिकेलच असं नाही. त्यांनी जुन्या मालकांना फोन केला. मालक रागावले नाहीत, फक्त कागद वाचा म्हणाले. कागद त्यांनी वाचलेलाच होता. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला होता, असं मला नंतर सांगितलं.

ती मागची खोली त्यांनी पुण्याच्या मुलासाठी ठेवली होती. मे महिन्यात मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात आली. यांनी नवी गादी आणली होती, कूलर लावला होता, भेगेवर कॅलेंडर टांगलं होतं. कॅलेंडर पुरलं नाही. सुनेने लेकीला उचलून कडेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. मुलगा वडिलांना काही बोलला नाही. माझ्याकडे येऊन स्टेशनजवळ चांगला लॉज कोणता ते विचारून गेला. दोन दिवस ती तिघं दुपारी जेवायला येत आणि दिवे लागायच्या आत परत जात. निघताना तो म्हणाला, "बाबा, विकून टाका." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लहान मूल घेऊन मीही त्या खोलीत झोपलो नसतो.

मग त्यांनी घर विकायला काढलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी मागच्या खोलीत नेऊ लागले. बोट घालून भेग दाखवत. गिऱ्हाईक चहाही न घेता निघून जाई. शेवटी मी म्हटलं, पावसाळा जाऊ द्या, भेग मिटेल, रंग मारा आणि मग दाखवा.

ते म्हणाले, "गाडी अंजनगावले जात नसन तं चढणाऱ्याले आधी सांगा लागते, सर. मंग त्याची मर्जी."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मला सगळं माहीत होतं.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "बिगर तिकिटाचा माणूस मी चेहऱ्यावरून ओयखतो. तुमी त्या दिवशी चप्पल पाहून राह्यले होते."

"मग घेतलं कशाला?"

ते मग म्हणाले, "ते झाडाखाली उभी होती ना. इतली खुश मी तिले पाह्यलीच नव्हती. तिले कसं म्हणू, चाल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीसारखे माझ्याकडे चहाला आले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन उन्हाळे त्यांनी पुढच्या एका खोलीत काढले. मागचं दार बंद असे. मग शेंदूरजनाघाटचा एक संत्र्यांचा व्यापारी आला. सगळं ऐकून घेतलं, घर पाडायचंच आहे म्हणाला आणि जागेच्या भावात घेऊन गेला. त्यांनी अंजनगावला स्टँडजवळ एक खोली भाड्याने घेतली. पुण्याला का नाही गेलात, असं मी विचारलं नाही.

सुरुवातीला फोन यायचे. घर पाडलं का, झाड ठेवलं का, हे ते विचारत नसत. तिकडे पाणी पडलं का, एवढंच. झाड ठेवलं नव्हतं, त्यामुळे मीही विषय काढला नाही. हळूहळू फोन कमी होत गेले. पोळ्याच्या दिवशी मीच लावला, तर मुलाने उचलला. बाबा जाऊन दीड महिना झाला, म्हणाला. खोलीत एकटेच होते. घरमालकाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मला कळवलं नाही म्हणून तो माफी मागू लागला. म्हणाला, "काका, मी सगळ्यांना फोन केले. पण तुमचा नंबर बाबांनी फोनमध्ये नुसता 'समोरचे' म्हणून ठेवलाय. कशाच्या समोरचे, तेच मला कळलं नाही."