आबांच्या हातातली थरथर

दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे, ते पावसाच्या तोंडाला परत. मी खुटबावला आत्याकडं राहून शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शिरूरला डायलिसिस टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा वाटलं, आता घरची वणवण संपली.

मेंढरं विकून वडील, आमचे आबा, खुटबावला स्थिर झाले आणि त्यांच्याच किडन्या गेल्या. दौंडला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातातली धमनी शिरेला जोडून फिस्टुला केला. उजव्या हाताच्या शिरा सलाइननं आधीच खराब झालेल्या. डाव्या हातातला फिस्टुला बंद पडला तर डायलिसिससाठी पुन्हा मानेत नळी.

म्हणून रोज सकाळी ड्युटीआधी मी आबांना फोन करायची. फिस्टुलावर बोटं ठेवली की लागतंय ना?

"लई जोरात उडतोय. काळजी करू नको."

मी निर्धास्त व्हायची.

मग एकदा आई बोलता बोलता म्हणाली, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबतच न्हाई, महिनाभर असंच चाललंय. दौंडच्या टेक्निशियननं कापूस जास्त वेळ दाबायला सांगितलेला. सुट्टी टाकून खुटबावला गेले. हातावर बोटं ठेवली. थरथर नव्हतीच, नुसते ठोके. हात वर धरला. शीर बसायला हवी होती, ती दोरखंडासारखी फुगलेलीच राहिली. म्हणजे पुढं रक्ताची वाट अरुंद झाली होती.

"आबा, मला का न्हाई सांगितलं?"

"मेंढराच्या काखंत हात घालून बघतो तसंच बघितलं की. जोरात उडतंय म्हंजी जनावर खणखणीत."

"तसं नसतं इथं. पिठाच्या गिरणीला हात लावल्यावर कशी थरथर लागते, तशी लागली पाहिजे."

"मग हे आधी सांगायचं. शिकलेली तू का मी?"

 शिरूरला परक्यांचे हात हातात घेऊन शिकवत होते. बापाला फोनवर विचारत होते.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन दौंडला गेले. टेक्निशियन माझ्याच कोर्सचा. मॅडम, मशीन नीट चालतंय, उगाच टेन्शन घेताय, म्हणाला. हात लावून बघा म्हटलं, तर मशीनकडं बघतच हातमोज्याची दोन बोटं टेकवली. जे पहिल्या वर्षाला शिकलो, ते त्याला पुन्हा सांगायची वेळ आली. डॉक्टर येईपर्यंत मी तिथून हलले नाही. चिठ्ठी घेतली, पुण्याला डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, केला. खांद्याजवळ शीर आवळलेली निघाली. डॉक्टरांनी शिरेत बारीक फुगा फुगवून ती उघडली.

वॉर्डात आबांनी स्वतः बोटं ठेवली.  मग म्हणाले, "व्हय. गिरणी हाय."

आबांचं डायलिसिस आजही त्याच हातातून होतं. आणि शिरूरला आमच्याकडं आता प्रत्येकाचा हात उघड्या बोटांनी तपासल्याशिवाय सुई लावत नाहीत.