अँप बदलायचा म्हणता, नाना?

कुठलाही निर्णय न घेता माणूस किती सुखात जगू शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने जळगावच्या पिंप्राळ्यात यावं आणि आमच्या घरमालकांना एवढंच विचारावं, “काय नाना, मग बदलायचा का अँप?” विचारणाऱ्याला पुढचा तासभर काही काम उरत नाही. बसायला खुर्ची मिळते, चहा मिळतो, मग पुन्हा चहा मिळतो, आणि उठताना तो बिचारा आपण कशाला आलो होतो ते विसरून स्वतःच काळजीत पडलेला असतो, की खरंच, बदलावा का? मी त्यांच्या वरच्या खोलीत राहतो. नववीतून शाळा सोडून वेंगुर्ल्याकडून इतक्या लांब, चटईच्या कारखान्यात कामाला आलेला माणूस मी. मला सगळ्याचीच धास्ती वाटते. फोन वाजला तरी वाटते आणि बराच वेळ वाजला नाही तरी वाटते. अशा घाबरट माणसाला देवाने असा दोलायमान घरमालक का द्यावा, असं पहिलं वर्षभर वाटायचं. आता वाटतं, देवाने बराच विचार करून दिला असावा.

नाना दिवसा रिक्षांची सीट-कव्हरं शिवतात आणि लग्नसराईत आपल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण थांबली की मांडवातल्या माणसाला उगाच वाटतं, कुणीतरी उठून गेलं. याचं नानांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. “तव्याची कुणी तारीफ करतं का?” ते म्हणतात. “तारीफ भाकरीची. पण तवा थंड पडू दे, मग बघ.” तर हा नानांचा तवा ज्या चुलीवर तापायचा, ती म्हणजे त्यांचा अँप, गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. धुळ्यातली एक बँड पार्टी मोडली तेव्हा तरुण नानांनी तो आणला होता. उंचीला कमरेएवढा, वजनाला म्हशीच्या पारड्याएवढा. त्याचं मूळचं कापड कधीच गेलं होतं. नाना त्याला रिक्षाच्या सीटचं रेक्झिन शिवायचे, कडेने पांढरी पायपिंग लावून. अँप बदलायचा विचार फारच जोर करू लागला की नाना एक दिवस दुकानात बसत, आणि संध्याकाळी जुन्याच अँपला नवं कव्हर चढलेलं असे. कधी मरून, कधी पोपटी. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर मोरपंखी होतं आणि त्यावर मागे ‘आईचा आशीर्वाद’ असंही शिवलेलं होतं, कारण ते कापड एका रिक्षावाल्याने ऑर्डर देऊन नेलं नव्हतं.

मी ऑर्केस्ट्रात कसा आलो ते सांगतो. मी मोरीत कपडे भिजवताना बादलीवर ठेका धरला होता. खालून आवाज आला, “कोण वाजवतंय?” मी माफी मागायला म्हणून जिना उतरलो आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, घेऊन वर आलो. एवढा एकच निर्णय नानांनी झटक्यात घेतलेला मला ठाऊक आहे. गावाकडे भजनात पखवाज वाजवायचो तेवढीच माझी विद्या. पण त्या दिवसापासून जळगावात मला नुसती खोली नव्हती, घर होतं, असं म्हटलं तरी चालेल.

बाकी सगळ्या बाबतीत नानांची पद्धत म्हणजे सल्ला. सिलिंडर आणणाऱ्याला विचारत, मेथी विकणारीला विचारत. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून पडले असतानाही त्यांनी हाताच्या खुणांनी अँपचा आकार दाखवून विचारलं होतं, आणि डॉक्टरांनी भलतीच दाढ काढायची की काय म्हणून काम थांबवलं होतं. गंमत अशी, की समोरचा म्हणाला “बदला,” तर नाना जुन्याची बाजू घेत, आणि म्हणाला “राहू द्या,” तर नव्याची. एकदा माझ्या आईचा फोन आला असताना तो माझ्या हातातून घेऊन त्यांनी तिलाही विचारलं. माझ्या आईने जन्मात अँप पाहिलेला नाही. ती म्हणाली, “चलता तवसर चलवा, मगे बघुया.” हे वाक्य नानांनी महिनाभर सगळ्या जळगावाला ऐकवलं. “कोकणातनं रिपोर्ट आलाय,” म्हणायचे. “चालतोय तोवर चालवा म्हणताहेत.”

नवा अँप बघायलाही ते जात, नाही असं नाही. पण बैल बघायला जावं तसे जात. सोबत चारपाच माणसं. दुकानात शिरल्यावर आधी अँपकडे बघायचंच नाही, भलत्याच वस्तूची चौकशी करायची. मग सहज फिरत फिरत त्याच्या मागच्या बाजूला जायचं, पाठीवर थाप मारायची, बटणं हलवून बघायची आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, “खांदा बरा आहे. चाल कशी आहे?” दुकानदार एखादी तार छेडून दाखवी. नाना डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “बरं. येतो.” उन्हाळ्यात जुन्या अँपला गरम व्हायचा त्रास होता, म्हणून स्टेजवर त्याच्यासाठी पंखा मागून घेत. पारोळ्याच्या बाजूला एका लग्नात सगळ्या मांडवात एकच पंखा होता. नवरीच्या मामांनी तो वर पाठवला, वादकांना उकडत असेल म्हणून. वर येऊन बघतात तर पंखा अँपकडे तोंड करून आणि आम्ही सगळे घामाने निथळत. मामांनी वाकून अँपच्या मागे पाहिलं. मग त्यांनी मला हळूच विचारलं, “देवबीव आहे का त्यात?”

एका अर्थाने होता. त्या अँपला एक खोड होती. सुरू केला की तो आतून घुमायचा. घूं असा एकसारखा, खालचा आवाज, जणू पेटीत भुंगा कोंडलाय. कुठलाही शहाणा माणूस तो आवाज दुरुस्त करून घेईल. आमच्या ऑर्केस्ट्राने त्याच्यावर सूर लावला. हार्मोनियमवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर, पण पुढच्या काळ्या पट्टीपर्यंत न पोचणारा असा तो कुठलातरी मधलाच सूर होता. नाना त्यावर तारा जुळवत, कीबोर्डवाला मुकाट्याने बटण दाबून आपलं वाद्य तेवढंच वर चढवी आणि कार्यक्रम सुरू होई. बाहेरून कुणी वादक आला की त्याला घेरी यायची.

हे सगळं अक्कांमुळे. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. हळदीची गाणी, मुलगी सासरी निघतानाची गाणी, ही खरी आमच्या ऑर्केस्ट्राची ओळख, आणि ती अक्कांच्या गळ्यात. गळा अजून खणखणीत, पण कान गेलेले. यंत्र लावलं तर स्टेजवरच्या आवाजात ते शिट्ट्या मारी, म्हणून अक्का ते काढून बटव्यात ठेवत. अँपला लागून त्यांची खुर्ची असे. गाण्याआधी त्या उजवा तळहात त्याच्यावर ठेवत, ती थरथर हातात घेत, आणि अगदी नेमक्या सुरात उठत. कानाने न ऐकणारी बाई हाताने ऐकते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नाना तर मुळीच नाही. ते म्हणत, “अँपमध्ये अजून दम आहे.” दुरुस्तीवाले भाई एकदा म्हणाले होते, “ही घूं काढून देऊ का? पाच मिनिटांचं काम.” तेव्हा नाना त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन म्हणाले, “तिला हात नका लावू, भाई. बाकी काय पाहिजे ते काढा.”

पण या लग्नसराईच्या तोंडावर अँप खरंच थकला. एरंडोलजवळ एका हळदीत मध्येच जळका वास आला आणि सगळं बंद. भाईंनी उघडून पाहिलं आणि चष्मा वर सरकवला. “नाना, यात आता माझेच पार्ट जास्त झालेत. ट्रान्सफॉर्मरच गेलाय. असा आता मिळत नाही. बांधून देतो, पण दोन लग्नं काढेल, तिसऱ्याचं सांगत नाही.” नानांनी त्या दिवशी कुणालाच सल्ला विचारला नाही. मला फार भीती वाटली. निर्णय न घेणारा माणूस गप्प बसला की घर कसं अंगावर येतं.

शेवटी आम्ही धुळ्याला, देवपूरच्या दुकानात गेलो. या खेपेला चारपाच माणसं नव्हती. नाना, मी आणि अक्का. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि कानात यंत्र घातलं होतं. दुकानदार मोठा उत्साही. त्याने अँप सुरू केला. आकाराने निम्मा, वजनाला हलका, समोर छोटा निळा दिवा. “आवाज बघा नाना, अगदी शून्य,” तो म्हणाला. “अक्का, हात ठेवून बघा. चालू आहे की बंद, कळायचंसुद्धा नाही.”

अक्कांनी हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग विचारलं, “चालू शे का?”

“चालू आहे ना.”

“मंग मी काय धरू?”

दुकानदाराने तत्परतेने दोन्ही बाजूंच्या मुठी दाखवल्या. मी भिंतीवरच्या गिटारी मोजू लागलो. नाना खाकरले आणि म्हणाले, “रंग नाही पटला. काळा रंग लग्नाला चालत नाही.”

“नाना, सगळे अँप काळेच येतात.”

“तेच तर म्हणतो मी,” नाना म्हणाले आणि बाहेर पडले.

परतताना आम्ही पारोळ्याला चहाला थांबलो. अक्कांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशीकडे बघतच बोलल्या, “नाना, मन्हासाठे थांबू नको. नवा लई ले. बठ्ठास्नं पोट शे त्यावर. मी आते घरमाच गाणा म्हनसू. घरमा देव शेतस ना ऐकाले.” सगळ्यांचं पोट आहे त्यावर, नवा घेऊन टाक, असं म्हणत होत्या.

“तुझं काही नाही गं त्यात,” नाना म्हणाले. “रंगाचा प्रश्न आहे.”

“रंगना प्रश्न,” अक्का म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात नाना मला घेऊन गेले आणि तोच काळा अँप घेऊन आले. दुकानदाराने कारण विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही. पहिल्या लग्नाला अक्का यायला तयार नव्हत्या. नाना त्यांच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “खुर्ची मांडेल शे.” आणि जाऊन टेम्पोत बसले. पुष्कळ वेळाने अक्का आल्या आणि तोंड फुगवून माझ्या शेजारी बसल्या.

स्टेजवर नवा अँप सुरू झाला आणि काहीच झालं नाही. ती शांतता मी विसरणार नाही. मांडव भरलेला, हळदीची ताटं तयार, आणि अक्का मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेल्या, एखाद्या परक्या घरी बसावं तशा. तेवढ्यात नानांनी एकच तार छेडली. गाणं नाही, ठेका नाही, नुसता एक खालचा स्वर. तो विरत आला की पुन्हा, पुन्हा तोच. अँप आतून थरथरू लागला. नाना अक्कांकडे बघत होते. अक्कांनी हात उचलला आणि त्या काळ्या पेटीवर ठेवला. मग कपाळाला आठी घालून मान हलवली.

“जराखं वर.”

नानांनी खुंटी पिळली.

“आजून जराखं.”

कीबोर्डवाला माझ्याकडे वळून पुटपुटला, “झालं, आलो परत तिथंच,” आणि त्याने मुकाट्याने आपलं बटण दाबलं. अक्कांचे डोळे मिटले. गाणं उठलं. त्या रात्री हळदीतल्या बाया रडल्या ते कशाने हे त्यांना कळलं नसेल. मी ऑक्टोपॅडवर खाली मान घालून वाजवत होतो.

तो मोसम आणि पुढचा अर्धा मोसम अक्का तशाच गायल्या. मग गुडघ्यांनी स्टेज चढू देईना, तेव्हा मुलीकडे शिरपूरला राहायला गेल्या. आता हळदीला एक नवी मुलगी गाते. कान चांगले, सूर चोख. नाना मात्र पहिल्या गाण्याआधी तो खालचा स्वर धरतात आणि थांबतात. मीही काड्या वर धरून थांबतो. सुरुवातीला त्या मुलीला वाटलं, आपल्याकडूनच काही राहिलंय. ती वळून म्हणाली, “नाना, मी तयार आहे.”

“माहीत आहे, बेटा,” नाना म्हणाले. “थांब जराशी.”