लुडबुड : अर्थ आणि उपयोग

चहा आधी खाली ठेवा, ठसका लागेल. ‘लुडबुड म्हणजे न बोलावता दुसऱ्याच्या कामात शिरणे’ हे मी जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं. पण तो अर्थ मला कुणी शिकवला, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सुप्याच्या रानातल्या एका गावात मास्तर म्हणून माझी पहिलीच नेमणूक. शाळेला छप्परच नव्हतं. गावानं देवळाची पडवी दिली तर शाळा, नाहीतर मी परत खानापूरला, वडिलांच्या दुकानात गूळ फोडायला. आणि वडील वाटच बघत होते.

गावचा बुदवंत म्हणजे तिथला पाटीलच. त्याला विचारलं, “पडवीचं काय?”

“उद्या सकाळी आमी देवळात बसणार हाय,” तो म्हणाला. “मग सांगतो.”

झालं. मला वाटलं, गाव माझं म्हणणं ऐकायला बसणार. घरी येऊन भाषण पाठ केलं.

सकाळी बघतो तर काय, अख्खं गाव देवासमोर मांडी घालून चिडीचूप. मी छत्री सावरत सगळ्यांच्या मधून पुढं गेलो, देवाकडे पाठ केली आणि सुरू झालो.

बुदवंतानं हात हलवला. मला वाटलं, मोठ्यानं बोला म्हणतोय. आवाज चढवला. एका म्हातारीनं तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं, बाई थक्क झाली. दोघांनी हात जोडले. मीही जोडले, आणि विद्येचं महत्त्व पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मध्ये एकानंही तोंड उघडलं नाही. इतके गुणी श्रोते मला पुढं कधी मिळाले नाहीत.

शेवटी ‘मी इथं लुडबुड करायला आलेलो नाही’ म्हणत छत्री उंचावली, तोच सगळ्या गावानं एकदम सुस्कारा सोडला.

“सुटलो,” बुदवंत म्हणाला. “मास्तर, कौल लावला हुता. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्यात, तुमच्या मागं. पाकळी पडंस्तवर कुणी बोलायचं न्हाई, नवख्यानं आत यायचं न्हाई.”

“कसला कौल?” मी छत्री खाली घेतली.

“पडवी शाळंला द्यायची का न्हाई. उजवी पडली तर द्यायची.”

मागं वळून बघायचं धाडस होईना. “मग पडली कुठली?”

“उजवी.”

अहो, मी तिथंच पायरीवर बसलो. इतकं हायसं मला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं. गूळ टळला! जिवात जीव आल्यावर मिशीवरून हातही फिरवला. म्हटलं, “म्हणजे देवाला माझं भाषण पटलं.”

बुदवंत जरा खोकला. “तसं न्हाई वो. आमचा देव सावकाशीचा. दुपार झाल्याबिगर पाकळी सोडत न्हाई. आज मातर घाईनं व्हय म्हणाला.”

“का बरं?”

“दुसरं काय करील? त्यालाबी तुमास्नी गप करायचं हुतं.”

त्या पडवीत मी पुढं चार वर्षं शिकवलं. लुडबुड शब्द आला की अर्थ सांगायचो, वाक्यात उपयोग मात्र कधी विचारला नाही. सगळ्या वर्गाला एकच वाक्य येत होतं.