द्राक्ष, कांदा आणि कॉम्प्युटर

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते परमेश्वराने जगात दोनच वस्तू निर्माण केल्या आहेत : द्राक्ष आणि कांदा. बाकी जे काही दिसतं, ते या दोहोंपैकी एकात बसतं. द्राक्ष म्हणजे जपायची वस्तू. त्याला सावली हवी, गारवा हवा, फवारा हवा, आणि एवढं करूनही ते रुसणार ते रुसणारच. कांदा म्हणजे सोसणारी वस्तू. त्याला कोरडं ठेवा, वारा द्या, मग तो कुरकुर न करता चाळीत, म्हणजे साठवणीच्या जाळीदार मांडवात, पडून राहतो. निफाडजवळच्या त्यांच्या गावातले सगळे सोयरेधायरे त्यांनी असे वाटून टाकले आहेत. जावई या नात्याने मी जन्मजात द्राक्ष. त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, कांदा. "लय गुणाची हाय," असं ते तिच्याबद्दल चारचौघांत कौतुकाने सांगतात, आणि ते ऐकून ती ज्या नजरेने माझ्याकडे बघते, त्या नजरेने पाणी मात्र माझ्या डोळ्यांत येतं.

गेल्या उन्हाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गंगापूर रोडवरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर आले. यायचं ते आठवडाभरासाठी ठरलं होतं. डोळ्यावर हिरवी झापड, डॉक्टरांनी सांगितलेली सक्तीची विश्रांती, आणि गावचा मळा मुलाच्या ताब्यात. मुलगा हल्ली झाडांना पाणीसुद्धा मोबाईलवरून सोडतो. थोडक्यात, मामांच्या हाताला काम नव्हतं, आणि माझ्या मात्र नाकातोंडात पाणी जायची वेळ आली होती. मी बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवतो. ज्या एका बिल्डरवर आमचं घर चालतं, त्याच्या नव्या स्कीमचा नारळ अक्षय्य तृतीयेला फुटणार होता. त्या मुहूर्ताला फिल्म पडद्यावर दिसली नाही, तर पुढची सगळी कामं दुसऱ्याकडे जातील, हे त्याने फार गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. कॉम्प्युटर सकाळपासून एकेक चित्र तयार करत बसायचा, त्याच्या धगीने खोलीची भट्टी व्हायची, आणि दुपारी ऐन उन्हात तो मुकाट्याने बंद पडायचा. एसी लावावा, तर घरमालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नव्हता.

एके दुपारी मी असाच डोक्याला हात लावून बसलो असताना मामा दारात आले. कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी तळहात ठेवला, झापडीआडून त्याला न्याहाळलं आणि निदान केलं.

"जावईबापू, हे द्राक्ष हाय. पोरी, बादली आण!"

जावयाला काम सांगायचं नाही, हा मामांचा दंडक. त्यामुळे आजार माझ्या कॉम्प्युटरचा आणि राबणूक माझ्या बायकोची, असा तो औषधोपचार सुरू झाला. पहिल्या दिवशी गावाहून एसटीने हिरवी शेडनेट आली आणि आमच्या गॅलरीला गुंडाळली गेली. खोलीत असा काही हिरवा उजेड पसरला, की व्हिडिओ कॉलवर बिल्डरने "शेतावर मजा चाललीय का?" असं विचारलं, आणि त्या विचारण्यात मजा मुळीच नव्हती. मग खिडक्यांना ओली गोणपाटं लागली. ती सुकली की मामा शेडनेटसोबत आलेल्या पाठीवरच्या पंपाने त्यांवर फवारा मारत. एकदा फवाऱ्याचा दांडा वळला आणि मी चष्म्यासकट भिजलो. "जावईबापूंनाबी गरज होती," एवढंच ते म्हणाले. आम्ही वरच्या मजल्यावर राहत असल्याने त्यांनी गच्चीला चुना फासायला घेतला. एका डोळ्याचं काम, त्यामुळे शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवरही एक हात बसला. काकूंनी त्या कुरडया तळून पाहिल्या की नाही कोण जाणे, पण त्यानंतर त्या आमच्याशी बोलत नाहीत. शेवटी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पूजेसाठी, आणून ठेवलेल्या लाल घागरी भरून त्यांनी कॉम्प्युटरभोवती मांडल्या आणि पंखा लावला. बायको कळवळून म्हणाली, "मामा, अहो, घागर पितरांसाठी असते!"

"मग? पितरांना काय उकडत नसंल व्हय?"

एवढं होऊनही कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडतच होता. मुहूर्त परवावर आला तेव्हा मामांनी शेवटचा उपाय म्हणून फ्रीजरमधल्या बर्फ झालेल्या बाटल्या त्याच्या अंगाला टेकवून ठेवल्या. थोड्या वेळाने पाहतो तर डब्यावर टपोरे थेंब जमलेले. हा आतून भिजला तर मुहूर्तच काय, धंदाच गेला. मी झडप घालून बटण बंद केलं. पण माझ्यापेक्षा जास्त दचकले होते ते मामा.

"घाम सुटला ह्याला," ते अगदी हळू म्हणाले. "पाणी बंद करा समदं. चुकलो मी, जावईबापू. हे द्राक्ष नाय. हा कांदा हाय!"

चाळीतल्या कांद्याला घाम सुटला की कांदा सडतो, आणि त्याला एकच औषध : खालून वारा. पुढच्या घटकाभरात गोणपाटं उतरली, घागरी देवघराकडे गेल्या. भाजीवाल्याकडून मागून आणलेलं प्लॅस्टिकचं जाळीदार कॅरेट पालथं पडलं. डबा कोरडा करून, त्याची एक बाजू काढून, तो त्यावर चढवला गेला आणि कॅरेटच्या तोंडाशी टेबलफॅन लागला. डबा उघडल्यावर आतल्या पंख्यांवर धुळीचा जो जाड थर दिसला, तो बायकोने ब्रशने खरडून काढला. घाबरत घाबरत मी बटण दाबलं. दुपार झाली. कॉम्प्युटर चालूच. ऊन कलतं झालं, तरी चालूच. आम्ही तिघं त्याच्यासमोर आंब्याच्या फोडी खात बसलो होतो आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. संध्याकाळी शेवटचं चित्र पूर्ण झालं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की जावईपण विसरून मी मामांना मिठी मारली. हा गुण खालच्या वाऱ्याचा की आतली धूळ काढल्याचा, यावर मामा-भाचीचं अजून एकमत नाही. मला कोण बरोबर याच्याशी देणंघेणं नव्हतं. अक्षय्य तृतीयेला फिल्म पडद्यावर झळकली, आणि बिल्डरने पुढचं काम तिथल्या तिथे सांगितलं.

डोळा बरा झाला, मामा निघाले. स्टँडवर निफाडच्या गाडीची वाट बघताना मी सहज विचारलं, "मामा, मी द्राक्ष, तुमची भाची कांदा. मग तुम्ही कोण?"

एवढी साधी गोष्ट जावयाला कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं. "आम्ही? आम्ही चाळ. माल आत हाय तवर राखायचा."

"आणि माल गेल्यावर?"

"मग नुस्ता वारा खायचा," असं म्हणून ते हसले, आणि गाडी लागल्यावर खिडकीची जागा धरायला लगबगीने चढले.

ते हसणं मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. महिना झाला नाही तोच, गच्चीचा चुना आणि गॅलरीची शेडनेट पाहून हबकलेल्या घरमालकाने स्वतःहून एसी लावायची परवानगी दिली. आता खोली गार असते. शेडनेट गेली, काकूंना नव्या कुरडया दिल्या, पण कॅरेट मी हलवू दिलं नाही. मामांचा फोन अधूनमधून येतो. मळ्याबद्दल विचारलं की ते "पोरगं बघतंय" एवढंच सांगतात आणि लगेच विचारतात, "खालून वारा हाय ना त्याला?"

"आहे मामा," मी म्हणतो. आणि फोन ठेवला की उठून टेबलफॅन लावतो.